१०.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला टर्बो : किती उतरवायचं आणि कशातून

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८६ मिमी, कंपनीचं कॉम्प्रेशन १०.५, म्हणजे पिस्टन वर जाताना आतली हवा इतक्या पटीने दाबली जाते. पेट्रोलचा फवारा पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरबाहेर हवा येण्याच्या वाटेत, थेट सिलिंडरमध्ये नाही. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा), मॅनिफोल्ड, इंटरकूलर (ती दाबलेली हवा गार करणारा) जमवून झालंय. सुरुवातीला अर्धा बार आणि पुढे एक बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेहून तेवढा जास्त दाब, चालवायचा आहे; पेट्रोल ९५ रॉनचं (रॉन हे ऑक्टेनचं एक माप). एक मित्र म्हणतो, कॉम्प्रेशन ८.५ वर आणल्याशिवाय टर्बोला हात लावू नकोस. दुसरा म्हणतो, हल्ली टर्बो गाड्या १०.५ वरच येतात, काही करू नकोस. तिसऱ्याचं म्हणणं, जाड हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) टाक आणि मोकळा हो.

तिघांचंही अर्धं बरोबर आहे, म्हणूनच गोंधळ झालाय. आधी माझं उत्तर सांगतो, कारणं मागाहून. अर्ध्या बारवर थांबणार असाल तर इंजिन उघडू नका. १०.५ वरच चालवा, बूस्टमध्ये टायमिंग मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पाडा, आणि इंटरकूलरच्या कामात कसूर करू नका. एक बार खरोखरच हवा असेल तर इंजिन उघडावं लागेल, पण मुख्यतः पिस्टन आणि रॉड बदलण्यासाठी. ते बदलतानाच कॉम्प्रेशन ९ ते ९.३ च्या आसपास आणा, ८.५ वर नेऊ नका. आणि ती घट पिस्टनच्या वाटीतून, म्हणजे माथ्यावरच्या खोलगट भागातून, मिळवा. गॅस्केटच्या जाडीला हात लावू नका.

८.५ हा आकडा लोकांच्या डोक्यात एवढा पक्का का बसलाय? त्याला इतिहास आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली, तिचं कॉम्प्रेशन चक्क १०.२५ होतं. नॉक, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी खडखड, होऊ नये म्हणून पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण एका टाकीतून इंजिनात सोडायचे. मालक ती टाकी भरायला विसरायचे आणि मग गाडी बूस्टच घ्यायची नाही. प्रयोग लवकरच गुंडाळला गेला. पुढे १९७५ ची पोर्शे ९३० आली ती थेट ६.५ कॉम्प्रेशनवर. चालवणाऱ्यांना ठाऊक आहे, ती गाडी खालच्या आरपीएमला झोपलेली असायची आणि मग अचानक लाथ मारायची. नंतरच्या पिढीत टोयोटाचं २जेझेड-जीटीई आणि निसानचं आरबी२६ ही दोन्ही इंजिनं ८.५ वर आली. ट्यूनिंगचं सगळं लोकज्ञान याच दोन इंजिनांभोवती तयार झालं. त्या काळच्या इंधनाला, इंजेक्शनला आणि संगणकाला झेपेल अशी ती तडजोड होती. तिला नियम आपण केलं.

दुसऱ्या मित्राचं उदाहरणही खरं आहे. टोयोटाचं जी१६ई-जीटीएस हे तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन १०.५ वर येतं, बीएमडब्ल्यूचं बी५८ सुरुवातीला ११ वर आलं. पण त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. तिथे त्याची वाफ होताना लागणारी उष्णता आतल्या हवेतूनच खेचली जाते, म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी हवा गार होते. पोर्ट इंजेक्शनमध्ये बरंचसं पेट्रोल पोर्टच्या आणि व्हॉल्व्हच्या गरम धातूवर आपटून वाफ होतं, त्यामुळे हवेला त्याचा फायदा कमी मिळतो. शिवाय अशा इंजिनांत पिस्टनखाली तेलाचे फवारे असतात, हेडमध्ये थंडपणाचा वेगळा विचार असतो, आणि प्रत्येक सिलिंडरचा नॉक संगणक वेगवेगळा ऐकत असतो. तुमच्या इंजिनात यातलं फारसं काही नाही. तेव्हा त्यांचा आकडा उचलून उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. नॉक म्हणजे काय? प्लगच्या ठिणगीने सुरू झालेली ज्योत पसरत असताना सिलिंडरच्या कडेला उरलेलं मिश्रण इतकं दाबलं आणि तापवलं जातं की ज्योत पोचायच्या आधी ते आपोआप पेटतं. एकदम. त्या धक्क्याने पिस्टनच्या रिंगांमधले पडदे तुटतात, गॅस्केट फुटतं, पिस्टनचा माथा वाळूने घासल्यासारखा खरबरीत होतो. हे आपोआप पेटणं दाब, तापमान आणि वेळ या तिन्हींवर अवलंबून आहे. पण त्यात तापमानाचा हात सगळ्यात मोठा आहे आणि नेमकं तेच लोक विसरतात.

एक हिशेब करून बघू. पाठ्यपुस्तकी सूत्राने, म्हणजे उष्णता कुठेच गळत नाही असं धरून. सिलिंडरमध्ये शिरताना हवा ४० अंश सेल्सिअस असेल, तर १० कॉम्प्रेशनवर पिस्टन वर पोचेपर्यंत ती साधारण ५१३ अंशांवर जाते, ९ कॉम्प्रेशनवर ४८१ वर. प्रत्यक्षात आकडे कमी असतात, पण फरकाचा अंदाज येतो. आता उलट विचारा : कॉम्प्रेशन १० च ठेवून शेवटी ४८१ अंश हवे असतील तर शिरणारी हवा किती गार हवी? उत्तर येतं २७ अंश. म्हणजे शिरणाऱ्या हवेचे १३ अंश आणि कॉम्प्रेशनचा एक पूर्ण पॉइंट, तापमानाच्या दृष्टीने सारखेच.

हा आकडा मी कागदावर लिहून बाकावर चिकटवून ठेवलाय, कारण त्याने कामाचा क्रमच बदलतो. बाहेरची हवा ३० अंश आहे आणि टर्बो एक बार देतोय असं धरा. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर तो हवा सुमारे १२५ अंशांवर सोडतो. तोच टर्बो त्याच्या कुवतीच्या टोकाला रेटला आणि कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली, तर १४० च्या वर. चांगला इंटरकूलर यातली ८० टक्के वाढ काढून घेतो आणि हवा ४९ अंशांवर येते. रेडिएटरमागे दडवलेला, वारा न लागणारा, तापून भाकरीचा तवा झालेला इंटरकूलर जेमतेम अर्धी वाढ काढतो. हवा ७७ अंशांवर राहते. ९ कॉम्प्रेशनच्या इंजिनात ४९ ऐवजी ७७ अंशांची हवा गेली, तर तापमानाच्या हिशेबाने ते ११ कॉम्प्रेशनचं इंजिन झालं. पिस्टन बदलून कमावलेलं सगळं इंटरकूलरच्या जागेने घालवलं.

म्हणूनच ते बहुचर्चित ‘इफेक्टिव्ह कॉम्प्रेशन’चं सूत्र मी वापरत नाही. एक बार बूस्ट म्हणजे दुप्पट हवा, म्हणून ९ गुणिले २ म्हणजे १८, असा तो हिशेब. १८ कॉम्प्रेशनचं पेट्रोल इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर पूर्ण भाराखाली नॉकने खिळखिळं होईल. पण ९ कॉम्प्रेशन आणि एक बारची इंजिनं कारखान्यातून बाहेर पडतात आणि लाखभर किलोमीटर सहज चालतात. कारण साधं आहे. टर्बोने हवा दाबून जी उष्णता केली ती सिलिंडरमध्ये जाण्याआधी इंटरकूलरमधून बाहेर टाकता येते. पिस्टनने दाबून केलेली उष्णता कुठेच टाकता येत नाही, ती तशीच ठिणगीच्या पुढ्यात येते. सूत्र या दोन्हींना एकाच मापाने मोजतं, इथेच ते फसतं.

मग कॉम्प्रेशन हवं तेवढं खाली का आणू नये? सूत्राने पाहिलं तर १० वरून ९ वर येताना कार्यक्षमता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. १०.५ वरून थेट ८.५ वर आलात तर जवळपास ६ टक्के. पूर्ण बूस्टमध्ये याचं काही वाटत नाही : एक बारवर असताना आणखी ०.०६ बार दिला की ३ टक्के हवा वाढली, हिशेब फिटला. पण रस्त्यावरची गाडी दिवसातला किती वेळ पूर्ण बूस्टमध्ये असते? बाकीच्या सगळ्या वेळात, म्हणजे सिग्नलवरून निघताना, चढावर, हायवेला शांत चालताना ती घट तुम्ही मुकाट भरत राहता. टर्बो फिरायला लागायच्या आधीचा टॉर्क कमी होतो आणि लोक म्हणतात टर्बोला लॅग आहे, म्हणजे तो उशिरा जागा होतो. टर्बो बिचारा तोच असतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. कॉम्प्रेशन उतरवलं की पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा वाढते, आणि त्या जागेत मागच्या चक्राचा जळका वायू जास्त उरतो. तो वायू भयंकर गरम असतो. नव्या हवेत तो मिसळला की पुन्हा तापमान वर. टर्बाइन लहान असेल आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुप्पट झालेला असेल तर हे आणखी बिघडतं; वायू बाहेर जायच्याऐवजी सिलिंडरमध्येच तुंबतो. नॉकची तक्रार घेऊन आलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डवर मी आधी दाबमापक लावतो, हेड नंतर उघडतो.

हे सगळं असूनही एक बारला मी ९ च्या आसपास या म्हणतोय, कारण ९५ रॉनच्या पेट्रोलवर, पोर्ट इंजेक्शनमध्ये, १०.५ वर टायमिंग इतकं मागे घ्यावं लागतं की इंजिन ताकद देण्याऐवजी एक्झॉस्ट तापवत बसतं. ठिणगी उशिरा पडली की जळण्याचं काम उशिरा संपतं, उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी टर्बाइनवर जाते, मॅनिफोल्ड लाल होतं. तिथे कॉम्प्रेशनचा एक-दीड पॉइंट सोडून टायमिंगचे काही अंश परत मिळवणं हा फायद्याचा सौदा आहे. ८.५ च्या खाली हा सौदा माझ्या अनुभवात पुन्हा तोट्यात जातो. फक्त शर्यतीसाठी, कायम दीड-दोन बारवर राहणाऱ्या इंजिनाचा विचार वेगळा.

आता हिशेब. तुमच्या एका सिलिंडरचा स्ट्रोकमधला आकार ४९९.६ सीसी आहे. कॉम्प्रेशन म्हणजे हा आकार अधिक वर उरलेली जागा, भागिले वर उरलेली जागा. १०.५ साठी वर ५२.६ सीसी लागतात, ९ साठी ६२.४, ८.५ साठी ६६.६. ही जागा चार तुकड्यांत विभागलेली असते : हेडमधला खोलगट भाग, गॅस्केटच्या जाडीतली चकती, पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली राहिलेली फट, आणि पिस्टनच्या माथ्यावरचे खड्डे. चारही मोजायचे. कॅटलॉगमधून उचलायचे नाहीत.

हेड मोजणं तासाभराचं काम आहे आणि मला ते आवडतं. हेड उलटं करून बाकावर ठेवायचं, व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवलेले, आणि प्लग तोच जो इंजिनात जाणार आहे. व्हॉल्व्हच्या सीटवर ग्रीसचं पुसट बोट फिरवायचं म्हणजे गळणार नाही. खोलग्याच्या कडेने ग्रीसची बारीक रेघ ओढून वर जाड ॲक्रिलिकची पट्टी दाबून बसवायची. पट्टीला दोन भोकं : एक भरायला, एक हवा जायला. हेड किंचित तिरकं करायचं, हवेचं भोक उंच बाजूला. मग काचेच्या ब्युरेटमधून रंग घातलेलं स्पिरिट सोडायचं. सुरुवातीला धार चालते, शेवटी थेंब-थेंब. ॲक्रिलिकखाली एक बुडबुडा हट्टाने रेंगाळतो, त्याला हळूच टिचकी मारून भोकाकडे आणायचं. बुडबुडा गेला, पातळी भोकाला टेकली, की ब्युरेटवरची वाकडी रेघ खालच्या कडेला वाचायची. तीनदा करा, तीन वाचनांत ०.२ सीसीपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी ग्रीस दबलंय किंवा व्हॉल्व्ह गळतोय. चारही खोलगे सारखे निघतील अशी आशा ठेवू नका. अर्ध्या-पाऊण सीसीचा फरक कंपनीच्या हेडमध्येही दिसतो, आणि सगळ्यात लहान खोलगा असलेला सिलिंडर सगळ्यात आधी नॉक करतो.

पिस्टनची वाटी मोजायला पिस्टन माथ्याच्या सपाट भागापासून मोजून बरोबर १० मिमी खाली घ्यायचा, कडेला ग्रीस लावायचं आणि वरून तसंच स्पिरिट भरायचं. ८६ च्या बोअरमध्ये १० मिमीचा सपाट भाग ५८.१ सीसी होतो. जे जास्त भरेल ती वाटी. ब्लॉकखालची फट डायल गेजने मोजताना टोक पिनच्या रेषेवर ठेवा, कारण पिस्टन त्या रेषेभोवती डुलतो आणि कडेला मोजलंत तर आकडा खोटा येतो.

तुमच्या मापाच्या इंजिनावर आकडे असे पडू शकतात : हेड ४६ सीसी, ८७ मिमी भोकाचं ०.७ मिमी गॅस्केट ४.२, ब्लॉकखाली ०.२ मिमी फट म्हणजे १.२, आणि सपाट पिस्टनवरचे व्हॉल्व्हचे खड्डे १.२. बेरीज ५२.६, कॉम्प्रेशन १०.५. बाकी सगळं तसंच ठेवून पिस्टन १०.४ सीसी वाटीचा मागवला तर बेरीज ६१.८ आणि कॉम्प्रेशन ९.१. हा माझ्या मते तुमचा आकडा.

कॉम्प्रेशन गेजचा आकडा पाहून रेशो सांगणारे पुष्कळ भेटतात. तो गेज रिंगा, व्हॉल्व्ह आणि बॅटरीची तब्येत सांगतो. रेशो सांगत नाही.

न मोजता काम केलं की काय होतं याचं एक इंजिन माझ्याकडे आलं होतं. दुसरीकडे बांधलेलं, कागदावर ८.५, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन नवे कोरे. मालकाची तक्रार अशी की ०.६ बारलाच खडखड येते, ८.५ वर असं कसं? टायमिंग अर्थातच ८.५ धरून लावलेलं. हेड काढलं आणि मोजलं. हेड आधीच्या आयुष्यात दोनदा तापून वाकलं होतं आणि दोनदा फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) झालं होतं, तिथे २.४ सीसी गेलेले. पिस्टनवाल्याच्या कॅटलॉगने धरलेल्या गॅस्केटपेक्षा बसवलेलं गॅस्केट ०.३ मिमी पातळ, म्हणजे १.८ सीसी. ब्लॉकलाही ०.२ मिमी फेसिंग मारलेलं, आणखी १.२. ६६.६ ऐवजी वर ६१.२ सीसीच उरले होते. खरं कॉम्प्रेशन ९.१६. मालक म्हणाला, मग पिस्टन बदला. मी म्हटलं, पिस्टन छान आहेत, आकडा बदला. ९.१६ धरून टायमिंग नव्याने लावलं, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घातले, आणि इंटरकूलरला वारा मिळावा म्हणून समोरचं बंपर आतून कापलं. गाडी एक बारवर चालते.

आता तिसऱ्या मित्राचं जाड गॅस्केट. ही चूक मी स्वतः केलेली आहे, तेव्हा हक्काने सांगतो. आकडाच पाहा : ०.७ ऐवजी १.३ मिमीचं गॅस्केट टाकलं तर तुमच्या इंजिनात फक्त ३.६ सीसी वाढतात आणि कॉम्प्रेशन ९.९ वर येतं. ८.५ गाठायला गॅस्केट तीन मिमीहून जाड लागेल. पण कमी फायदा हा खरा दोष नाही. पिस्टनच्या माथ्याची सपाट कड आणि हेडची सपाट पट्टी यांच्यातली फट, जिला स्क्विश म्हणतात, ती तुमच्याकडे आत्ता ०.७ अधिक ०.२ म्हणजे ०.९ मिमी आहे. छान आहे. पिस्टन वर येताना तिथलं मिश्रण पिचकारीसारखं मध्ये ढकललं जातं, घुसळण होते, ज्योत वेगाने पसरते, आणि कडेला आपोआप पेटण्याजोगं मिश्रण उरतच नाही. जे उरतं ते दोन गार धातूंच्या मध्ये चेपलेलं असतं. ही फट दीड मिमी झाली की पिचकारी बंद. मिश्रण कडेला तसंच पडून राहतं आणि ज्योत तिथे पोचायला वेळ घेते. माझ्या त्या इंजिनाने कॉम्प्रेशन अर्ध्या पॉइंटहून जास्त उतरवूनही आधीपेक्षा लवकर नॉक केलं. आठवडाभर इंधनावर संशय घेतला, मग हेड उघडलं तेव्हा पिस्टनच्या सपाट कडेवर जाड काजळी बसलेली. घट्ट स्क्विशच्या इंजिनात तो भाग बऱ्यापैकी स्वच्छ असतो. उत्तर तिथेच लिहिलेलं होतं.

गॅस्केट जाड केलं की हेड वर सरकतं, म्हणून कॅम किंचित उशिरा फिरतो, क्रँकच्या मापात अंशभर. समायोजित होणारी पुली नसेल तर तेही सहन करावं लागतं. दोन गॅस्केटांच्या मध्ये धातूची चकती घालून उंची वाढवण्याबद्दल तर बोलायलाच नको. गळायच्या जागा दुप्पट.

हेडचा खोलगा कोरून मोठा करता येतो, पण जपून. व्हॉल्व्हच्या कडा मोकळ्या करून सीसी-दोन सीसी मिळतात आणि हवाही बरी जाते. त्यापुढे पाण्याची वाट किती जवळ आहे हे बाहेरून दिसत नाही. स्क्विशच्या पट्टीला मात्र हत्यार लावू नका, नाहीतर जाड गॅस्केटचीच कहाणी.

राहतो पिस्टन. वाटी मागवताना फक्त सीसी सांगू नका, आकार सांगा. माथ्याच्या मध्यभागी गोल बशी आणि कडेला अरुंद वळं असा पिस्टन सोपा असतो, पण हेडची स्क्विशची पट्टी जिथे आहे तिथेच बशीची कड आली तर पट्टी वाया. वाटी हेडच्या खोलग्याचं आरशातलं रूप असावी आणि पट्टीखालचा भाग सपाट असावा. हेडचा ठसा किंवा माप पाठवलं तर पिस्टन करणारे तसा करून देतात. धातूचा प्रश्न येईल : २६१८ मिश्रधातू चिवट, नॉकचा मार जास्त सोसतो, पण तापला की जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये सैल बसवावा लागतो आणि सकाळी थंड असताना खटखटतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त, फुगणं कमी, आवाज कमी, पण मार सोसण्याची ताकदही कमी. एक बारच्या रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही चालतात. टायमिंग कोण लावणार यावर मी ठरवतो. शिकाऊ हात असेल तर २६१८.

रिंगांची टोकं बूस्टला जास्त मोकळी लागतात. ८६ च्या बोअरला वरच्या रिंगेची गॅप मी ०.४५ च्या आसपास ठेवतो, पिस्टनसोबत आलेल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तो कागद मोठा. गॅप कमी पडली, रिंग तापून टोकाला टोक भिडलं, की रिंग पिस्टनचा पडदाच उपटून काढते. असा तुटलेला पिस्टन नॉकने फुटल्यासारखाच दिसतो आणि कॉम्प्रेशनवर उगाच आळ येतो.

कॅमचं एक वाक्यात सांगता येत नाही, पण थोडक्यात : आपण मोजलेलं ९.१ हे स्थिर माप आहे. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन खाली गेल्यावर लगेच बंद होत नाही. तुमच्या स्ट्रोकला १४३ मिमीचा रॉड असेल आणि व्हॉल्व्ह तळ ओलांडल्यावर ६० अंशांनी बंद होत असेल, तर पिस्टन तोवर साडेसोळा मिमी वर आलेला असतो. खरं दाबणं ८६ पैकी ६९.४ मिमीतच होतं, आणि हिशेबाने ९.१ चं साडेसात होतं. म्हणून एकाच ९.१ वर दोन वेगळे कॅम लावलेली इंजिनं खालच्या आरपीएमला अगदी वेगळी वागतात. तुमच्या इंजिनात इनलेट कॅम पुढे-मागे होत असेल तर नॉकच्या भागात तो मागे नेऊन पाहा. फुकटात कॉम्प्रेशन उतरवल्यासारखं आहे. आणि टर्बोसाठी दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ कमी ठेवा, मघाशी सांगितलेल्या जळक्या वायूमुळे.

इंधनाबद्दल. पंपावरचा आकडा सगळीकडे एका मापाने लिहिलेला नसतो. कुठे रॉन, कुठे रॉन आणि मॉन (ऑक्टेनचं दुसरं, जास्त कडक माप) यांची सरासरी. ९५ रॉनचं पेट्रोल सरासरीच्या मापाने साधारण ९१ होतं. परदेशातल्या कुणाचा सेटअप उतरवून घेताना आधी हे बघा, नाहीतर चार-पाच आकड्यांची फसगत होते. इंधन किती फरक पाडतं याचं टोकाचं उदाहरण १९८८ चं होंडाचं फॉर्म्युला वन इंजिन : २.५ बार निरपेक्ष दाब आणि कॉम्प्रेशन तरीही ९.४, कारण इंधनात ८४ टक्के टोल्युइन होतं. इथेनॉलचं प्रमाण मोठं असलेलं इंधन कायम मिळणार असेल तर माझं उत्तर बदलेल : १०.५ च ठेवा, पिस्टन फक्त मजबूत घाला. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खेचतं. पण इंधनही ३० टक्के किंवा जास्त लागतं, तेव्हा इंजेक्टर आणि पंप मोठे हवेत. कधी मिळतं, कधी नाही, अशी स्थिती असेल तर सगळ्यात वाईट इंधन धरूनच कॉम्प्रेशन ठरवा. बूस्ट आणि टायमिंग बटणाने बदलता येतात; पिस्टन येत नाही. निसानने ८ ते १४ पर्यंत चालू गाडीत कॉम्प्रेशन बदलणारं इंजिन बाजारात आणलं खरं, पण आतली कड्यांची जुळणी पाहिलीत तर ते घरी करायचं काम नाही हे कळेल.

इंजिन जुळल्यावर जुना टायमिंगचा तक्ता तसाच वापरू नका. कॉम्प्रेशन उतरलं की मिश्रण थोडं सावकाश जळतं, म्हणून बूस्ट नसलेल्या भागात टायमिंग थोडं पुढे हवं असतं. लोक तिथे लक्ष देत नाहीत आणि मग गाडी मंद झाली म्हणतात. बूस्टच्या भागात उलट चाल : मुद्दाम मागे ठेवून सुरुवात, मिश्रण लॅम्डा ०.८ च्या जवळ (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), आणि एकेक अंश पुढे. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा, नॉक आला नसला तरी. सगळ्यात अवघड जागा कमाल आरपीएमला नसते, कमाल टॉर्कच्या आरपीएमला असते. तिथे सिलिंडर सगळ्यात भरलेला असतो आणि मिश्रणाला आपोआप पेटायला वेळही मिळतो. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजण्याच्या यंत्रावर) एकदा केलेला रन पुरेसा नाही. तीन रन पाठोपाठ करा, इंटरकूलर तापू द्या, आणि शिरणाऱ्या हवेचं तापमान वाढेल तसं टायमिंग मागे घेणारा तक्ता भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

नॉक सेन्सरवर पूर्ण भरवसा ठेवू नका. नव्या सैल पिस्टनांचा आवाज तो नॉक समजतो, आणि काही जण वैतागून त्याची संवेदनशीलता उतरवतात, मग खरा नॉकही ऐकू येत नाही. ब्लॉकला तांब्याची नळी आणि कानाला हेडफोन हा जुना उपाय मी अजून वापरतो. त्यानंतर प्लग काढा आणि पांढरी चिनीमाती भिंगाखाली धरा. मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर नॉक सुरू झालाय. त्यात चमकणारे चंदेरी कण असतील तर ते तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. लॉगमध्ये काहीही दिसो, त्या सिलिंडरचं टायमिंग दोन अंश मागे घ्या, बूस्ट उतरवा, आणि आधी इंटरकूलरच्या पुढचं-मागचं तापमान मोजा.